‘डेटाबेस कनेक्ट होत नाही’ ही एकच एरर नव्हे

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतील प्रोग्रॅमिंगच्या सदरात पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतून मायएसक्यूएल या डेटाबेसला जोडणी करण्याचा नमुना कोड प्रसिद्ध झाला आहे. सदराची भाषा सोपी आहे, हेतूही चांगला आहे. पण बीसीए, बीसीएस, डिप्लोमाची मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी असा कोड जसाच्या तसा उचलतात आणि नोकरीला लागल्यावर तोच साचा खऱ्या सर्व्हरवर जाऊन बसतो. म्हणून जोडणीच्या त्या चार ओळींबद्दल जरा सविस्तर लिहीत आहोत.

नमुन्यात होस्ट, म्हणजे डेटाबेस असलेलं मशीन, ‘लोकलहोस्ट’ (स्वतःचाच संगणक), युजर ‘रूट’ (सर्वाधिकारी प्रशासक) आणि पासवर्ड रिकामा आहे. जोडणी झाली नाही तर ‘इफ’मध्ये तपासून ‘डाय’ करायचं, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच थांबवायचा, आणि डेटाबेसने दिलेला संदेश पडद्यावर छापायचा, असं सांगितलं आहे. झॅम्प (पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) टाकलेल्या घरच्या संगणकावर हे खपून जातं. मात्र पीएचपी ८.१ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, हा ‘इफ’ निव्वळ शोभेचा उरला आहे. त्या आवृत्तीपासून मायएसक्यूएलआय एक्स्टेन्शन (पीएचपीला मायएसक्यूएलशी जोडणारा भाग) जोडणी फसल्यावर ‘फॉल्स’ परत देत नाही, थेट एक्सेप्शन, म्हणजे पकडावी लागणारी एरर, फेकतं. ते पकडलेलं नसेल तर प्रोग्रॅम त्याच ओळीवर मरतो, ‘डाय’पर्यंत पोचतच नाही. ‘डिस्प्ले एरर्स’ चालू असेल तर फाइलचा पूर्ण मार्ग आणि खाली स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनमधून एरर आली त्याची यादी), सगळं पाहणाऱ्यासमोर येतं. ट्रेसमध्ये फंक्शनला दिलेली मूल्यं त्याच क्रमाने असतात : होस्ट, युजर, पासवर्ड. पीएचपी प्रत्येक मूल्याची पहिली १५ अक्षरंच छापतं हे खरं, पण १५ अक्षरांहून मोठा पासवर्ड ठेवणारे किती? डिसेंबर २०२२ मधल्या ८.२ पासून पासवर्डची जागा झाकली जाते. त्याआधीच्या आवृत्त्या स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर अजून भरपूर सापडतात.

तेव्हा पहिली दुरुस्ती अशी. जोडणीची ओळ ‘ट्राय’मध्ये घ्यावी आणि ‘कॅच’मध्ये मायएसक्यूएलआयचं एक्सेप्शन पकडावं. सर्व्हरवरच्या पीएचपी-आयएनआय फाइलमध्ये ‘डिस्प्ले एरर्स’ बंद, ‘लॉग एरर्स’ चालू आणि ‘झेंड एक्सेप्शन इग्नोर आर्ग्ज’ (ट्रेसमधून मूल्यं गाळणारं सेटिंग) चालू ठेवावं. नुसत्या ‘डाय’ची आणखी एक खोड आहे. पानावर एरर दिसत असली तरी एचटीटीपीचा कोड २०० च जातो, म्हणजे ‘सगळं ठीक’. साइट चालू आहे का हे पाहणारी देखरेख यंत्रणा बिनघोर राहते आणि सर्च इंजिन एररचं पान खरं पान समजून साठवून ठेवतं. अशा वेळी कोड ५०३, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’, द्यावा.

पण एवढं केलं तरी मूळ प्रश्न उरतोच. ‘कॅच’मध्ये लिहायचं काय? बहुतेक जण ‘डेटाबेस कनेक्ट होत नाही’ एवढं लिहून मोकळे होतात. जोडणी मात्र टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्यावरची चूक वेगळी असते. आधी होस्टच्या नावावरून आयपी पत्ता मिळावा लागतो. मग त्या पत्त्यावरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हिसच्या ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर, कुणी ऐकत असावं लागतं. हे पोर्ट प्रत्येक डेटाबेसचं वेगळं : मायएसक्यूएलचं ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२, ओरॅकलचं १५२१, एसक्यूएल सर्व्हरचं १४३३. त्यानंतर युजर आणि पासवर्ड तपासला जातो. शेवटी हवा तो डेटाबेस आहे का आणि या युजरला तिथे प्रवेश आहे का, हे पाहिलं जातं. लॉगिनची चूक यातल्या फक्त तिसऱ्या टप्प्यावर होते. बाकी सगळ्यांना ‘पासवर्ड चुकला असेल’ म्हणत पासवर्ड बदलत बसणं म्हणजे हमखास दिवस वाया.

मायएसक्यूएलपुरतं बोलायचं तर कमांड लाइनवर २००५ क्रमांकाची एरर आली की होस्टचं नाव सापडलेलं नाही. २००३ आली की नाव सापडलं, पण जोडणी झाली नाही. त्या संदेशाच्या शेवटी कंसात एक छोटा आकडा असतो, त्याकडे कुणी बघत नाही. खरी गोम तिथेच असते. लिनक्सवर १११ किंवा विंडोजवर १००६१ असेल तर समोरचं मशीन जिवंत आहे, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही : सर्व्हिस बंद आहे, पोर्ट चुकलं आहे, किंवा ‘बाइंड ॲड्रेस’ १२७.०.०.१ असल्यामुळे डेटाबेस फक्त स्वतःच्याच मशीनवरून येणाऱ्यांचं ऐकतो आहे. उबंटूच्या पॅकेजमध्ये ते मुळात तसंच येतं. ११० किंवा १००६० असेल तर उत्तरच आलेलं नाही. बहुतेकदा मधल्या फायरवॉलने किंवा क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपने नेटवर्कचं पाकीट (पॅकेट) गिळलेलं असतं. पहिल्या प्रकारात नकार क्षणात येतो, दुसऱ्यात प्रोग्रॅम लटकून राहतो. नुसत्या वेळेवरूनसुद्धा अंदाज बांधता येतो. पीएचपी मात्र या सगळ्यांना बहुधा २००२ हाच एक क्रमांक लावतं, त्यामुळे तिथे संदेशाचा मजकूर लॉगमध्ये गेलाच पाहिजे. लिनक्सवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की मायएसक्यूएलचा क्लायंट पोर्टवर जातच नाही, सॉकेट फाइल (त्याच मशीनवरच्या जोडणीसाठीची खास फाइल) शोधतो. ती दुसऱ्या फोल्डरात असली की २००२ येते, आणि त्याच जागी १२७.०.०.१ लिहिलं की जोडणी होते.

लटकण्याचा विषय निघालाच आहे तर टाइमआउटबद्दलही, म्हणजे किती वेळ वाट बघायची त्याबद्दलही, सांगतो. पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीत जोडणीचा टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे अमर्याद वाट बघायची. मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरमध्येही (जावा भाषेतल्या प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीत) तेच. तो स्वतः लिहावा लागतो. एकाच नेटवर्कमध्ये ५ सेकंद पुष्कळ झाले.

आता १०४५, म्हणजे ‘ॲक्सेस डिनाइड’. संदेशात युजरचं नाव, ‘ॲट’च्या पुढे होस्ट आणि शेवटी ‘युजिंग पासवर्ड’ येस किंवा नो असं असतं. शेवटचा ‘नो’ दिसला तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पाठवलाच गेलेला नाही. कॉन्फिग फाइल वाचली गेली नाही, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं, किंवा सर्व्हिस वेगळ्या युजरखाली चालत असल्यामुळे तिला ते व्हेरिएबल दिसतच नाही. इथे पासवर्ड कितीही वेळा रीसेट केला तरी उपयोग नाही.

‘येस’ असेल तर आधी होस्ट बघावा. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव आणि होस्ट यांची जोडी. ‘ॲप’ ॲट ‘लोकलहोस्ट’ आणि ‘ॲप’ ॲट ‘टक्का चिन्ह’ (म्हणजे कुठलाही होस्ट) ही दोन निराळी खाती आहेत. दोघांचे पासवर्ड आणि अधिकारही निराळे असू शकतात. जास्त नेमका होस्ट आधी जुळवला जातो. त्यामुळे जुन्या सर्व्हरवर ‘लोकलहोस्ट’साठीचा बिननावाचा युजर शिल्लक असेल तर टक्का चिन्ह असलेलं तुमचं खातं बाजूलाच राहतं, त्या बिननावाच्या खात्याशी पासवर्ड ताडला जातो आणि पासवर्ड अगदी बरोबर असूनही १०४५ येते. जोडणी झाली पण अधिकार भलतेच दिसत असतील तर ‘सिलेक्ट युजर’ आणि ‘सिलेक्ट करंट युजर’ ही दोन्ही फंक्शनं चालवून बघावीत. पहिलं सांगतं तुम्ही कोण म्हणून आलात, दुसरं सांगतं सर्व्हरने तुम्हाला कोण मानलं. दोन्ही उत्तरं वेगळी आली की उलगडा झालाच. जाता जाता : ‘ग्रँट’ दिल्यावर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ करण्याची गरज नसते. ते फक्त अधिकारांच्या तक्त्यांत हाताने फेरफार केले तर लागतं. तरी पुस्तकापुस्तकांतून ती ओळ चालत आली आहे.

१०४९ म्हणजे डेटाबेसच नाही. १०४४ म्हणजे या युजरला त्या डेटाबेसवर हक्क नाही. ११३० म्हणजे या होस्टवरून येण्याची परवानगीच कुणाला नाही. आणि ११२९ ही ‘होस्ट ब्लॉक्ड’ची एरर हमखास चुकीची वाचली जाते. चुकीचे पासवर्ड जास्त वेळा दिले म्हणून ती येत नाही. हस्तांदोलन, म्हणजे जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण, अर्ध्यावर तुटलेल्या जोडण्या सलग १०० झाल्या की ती येते. लोड बॅलन्सर (येणारं काम अनेक सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा) ‘जिवंत आहे का’ हे पाहायला पोर्ट उघडून काही न बोलता बंद करत असेल तर तोच हे घडवून आणतो. होस्ट कॅशे (सर्व्हरने ठेवलेली होस्टची नोंद) रिकामी केली की तात्पुरतं सुटतं, पण लोड बॅलन्सरची तपासणी नीट लॉगिन करून होईपर्यंत दुखणं परतत राहतं.

मायएसक्यूएल ८ वर गेलेल्यांना २०५९ आणि २०६१ भेटतात. ८.० पासून पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलून ‘कॅशिंग शा-टू’ झाली आहे. जुन्या ड्रायव्हरला ती कळत नाही म्हणून २०५९. आणि पासवर्ड सुरक्षित वाटेने पाठवण्याची सोय नसेल तर २०६१. खातं जुन्या ‘नेटिव्ह’ पद्धतीवर परत न्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. ८.४ मध्ये ती पद्धत मुळात बंद आहे आणि ९.० मध्ये काढूनच टाकली आहे. ड्रायव्हर बदलावा, टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) चालू करावं.

पासवर्ड माणसाने टाइप केला तर चालतो आणि प्रोग्रॅममधून चालत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. तिची कारणं फार साधी असतात. पीएचपीत दुहेरी अवतरणात ‘पुणे’ या शब्दाच्या रोमन अक्षरांपुढे डॉलर चिन्ह आणि त्यापुढे ‘राज’ असा पासवर्ड लिहिला, तर पीएचपी ‘राज’ नावाचं व्हेरिएबल शोधतं. ते रिकामं असतं, आणि सर्व्हरला नुसतं ‘पुणे’ जातं. एकेरी अवतरणात हाच पासवर्ड सुखरूप पोचतो. कनेक्शन यूआरएलच्या स्वरूपात दिलं असेल तर पासवर्डातलं ‘ॲट’ चिन्ह होस्टची सुरुवात समजलं जातं. त्याच्या जागी टक्का चिन्ह आणि ४० लिहावं लागतं, हॅश चिन्हाच्या जागी टक्का आणि २३. एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंगं ठेवायची फाइल) अवतरणाबाहेरचं हॅश चिन्ह पुढचा मजकूर टिपण ठरवून टाकू शकतं. पासवर्ड फाइलमधून वाचला तर शेवटचा नवीन ओळीचा अदृश्य कॅरॅक्टर सोबत येतो. वाचल्यावर तो छाटावा. आणि खास आपल्याकडचा प्रकार म्हणजे मराठी कीबोर्ड. काही मराठी लेआउटवर आकड्यांची ओळ देवनागरी अंक देते. पडद्यावर ठिपकेच दिसत असल्याने देवनागरी १२३ गेलं की रोमन, हे कळायला मार्ग नाही. यूटीएफ-८ मध्ये पहिल्याला प्रत्येकी ३ बाइट लागतात आणि दुसऱ्याला १, तेव्हा सर्व्हरच्या लेखी ते दोन वेगळे पासवर्ड आहेत. प्रोग्रॅमला नेमकं काय मिळालं हे तपासायला पासवर्ड छापण्याची गरज नाही. त्याची लांबी बाइटमध्ये छापली तरी यातली बहुतेक प्रकरणं तिथल्या तिथे सुटतात.

याच टप्प्यावर कॅरॅक्टर सेटही (अक्षरं बाइटांत कशी लिहायची ती पद्धत) ठरवून टाकावा. जोडणी झाल्याबरोबर ‘यूटीएफ-८-एमबी-४’ सेट केलं नाही आणि जोडणी लॅटिन-१ वर राहिली, तर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं, किंवा काही ड्रायव्हरांत प्रश्नचिन्हं, साठवली जातात. साठवलेल्या प्रश्नचिन्हाचं परत ‘ज्ञ’ होत नाही.

आता सर्वांत महाग पडणारी चूक, म्हणजे लॉगिन फसल्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं. एसक्यूएलच्या मानकात पाच अक्षरी अवस्था-कोड ठरवून दिलेले आहेत. ०८ ने सुरू होणारे जोडणीचे, २८ ने सुरू होणारे ओळखीचे. जावामध्ये तो कोड एसक्यूएल एक्सेप्शनकडून सरळ मागता येतो. पोस्टग्रेस चुकीच्या पासवर्डला ‘२८-पी-०१’ देतं, मायएसक्यूएल ‘२८०००’. ०८ असेल तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे : १ सेकंद, मग २, ४, ८, आणि प्रत्येक वेळी थोडी यदृच्छ भर, म्हणजे सगळे सर्व्हर एकाच क्षणी पुन्हा धडकत नाहीत. पोस्टग्रेस नुकतं सुरू होत असताना ‘५७-पी-०३’ देतं, तिथेही थांबून प्रयत्न करावा. २८ असेल तर मात्र एकदाच. चुकीचा पासवर्ड दहा सेकंदांनी बरोबर होत नसतो.

ओरॅकलवर याची किंमत लगेच कळते. तिथल्या डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं एक दिवसासाठी कुलूपबंद होतं. डीबीएने (डेटाबेस प्रशासकाने) पासवर्ड बदलला, एका विसरलेल्या बॅच प्रोग्रॅममध्ये जुना राहिला आणि तो सतत प्रयत्न करत बसला, की ओरा-०१०१७ (चुकीचा पासवर्ड) या एररच्या दहा नोंदींनंतर ओरा-२८००० (खातं कुलूपबंद) सुरू होते. आता नवा, बरोबर पासवर्ड असलेले प्रोग्रॅमसुद्धा बाहेर. कुलूप काढलं तरी तो बॅच प्रोग्रॅम शोधून थांबवेपर्यंत ते पुन्हा लागतं. त्याच प्रोफाइलमध्ये ११जी आवृत्तीपासून पासवर्डचं आयुष्य १८० दिवस आहे आणि पुढे ७ दिवसांची सवलत. सवलतीच्या काळात लॉगिन होतं, सोबत ओरा-२८००२ हा इशारा येतो. तो एरर म्हणून येत नाही, म्हणून ‘कॅच’मध्ये सापडत नाही, जोडणीकडून वॉर्निंग मुद्दाम मागून घ्यावी लागते. ती न वाचणारा प्रोग्रॅम आठवडाभर निर्धास्त चालतो आणि मग एका सकाळी ओरा-२८००१ (पासवर्डची मुदत संपली) देऊन उभा राहतो.

पासवर्ड बदलाचा परिणाम उशिरा दिसतो, हेही ध्यानात ठेवावं. आधीच उघडलेल्या जोडण्या पासवर्ड बदलला तरी चालूच राहतात; अडतात त्या नव्या. हिकारी पूलमध्ये (जावा प्रोग्रॅमसाठी जोडण्या उघडून तयार ठेवणारी लायब्ररी) जोडणीचं आयुष्य मुळात ३० मिनिटं असतं. म्हणजे अकरा वाजता पासवर्ड बदलला, सव्वाअकराला सगळं चालतंय म्हणून लोक चहाला गेले, की साडेअकरापर्यंत पूल रिकामा. बदल केल्याबरोबर एक नवी जोडणी हाताने उघडून पाहावी, किंवा सर्व्हिस एकेक करून रीस्टार्ट करावी. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून एका खात्याला दोन पासवर्ड चालतात : ‘रिटेन करंट पासवर्ड’ म्हणून नवा द्यायचा, सगळे प्रोग्रॅम हलवायचे, मग ‘डिस्कार्ड ओल्ड पासवर्ड’. पोस्टग्रेसमध्ये ही सोय नाही, तिथे सारख्याच अधिकारांचे दोन युजर ठेवून आलटून पालटून वापरतात.

गर्दीची एरर लॉगिनच्या एररसारखीच भासते, पण ती वेगळी. मायएसक्यूएलमध्ये एकूण जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ असते आणि ती भरली की १०४० येते. पोस्टग्रेसमध्ये १०० आणि कोड ‘५३३००’. हिकारीचा पूल मुळात १० जोडण्यांचा. एकाच ॲपच्या १६ प्रती उभ्या केल्या की १६० होतात, म्हणजे शेवटच्या प्रतीला जेमतेम एक जागा उरते. यावर लगेच मर्यादा हजारावर नेणं हा उपाय नव्हे. आधी जोडण्या वापरून झाल्यावर बंद होतात का ते बघावं. आणि ‘रूट’ने जोडू नये यामागे चोरीच्या भीतीखेरीज हेही कारण आहे. मर्यादा भरल्यावरही मायएसक्यूएल प्रशासकासाठी एक जादा जागा राखून ठेवतं, पोस्टग्रेस त्या १०० मधल्याच ३ राखून ठेवतं. ॲपच रूट म्हणून आलं तर तीही खाऊन टाकतं, आणि काय अडलंय हे बघायलासुद्धा कुणाला आत शिरता येत नाही. ॲपसाठी वेगळा युजर करावा आणि त्याला त्या एका डेटाबेसवर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट एवढेच हक्क द्यावेत.

संदेश कुणाला किती सांगायचा, याचा धडा डेटाबेस बनवणाऱ्यांनीच घालून दिला आहे. एसक्यूएल सर्व्हर चुकीच्या लॉगिनला १८४५६ देतो आणि क्लायंटला नेहमी ‘स्टेट १’ एवढंच सांगतो. खरी स्टेट सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असते : ५ म्हणजे असा युजरच नाही, ८ म्हणजे पासवर्ड जुळला नाही, ७ म्हणजे खातं बंद केलेलं आहे आणि पासवर्डही चुकला, १८ म्हणजे पासवर्ड बदलणं भाग आहे. पोस्टग्रेसही बाहेर ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ एवढंच म्हणतं, युजर अस्तित्वात नसला तरीही. आतल्या लॉगमध्ये मात्र युजर नाही, पासवर्ड जुळत नाही की मुदत संपली, हे लिहितं आणि ‘पीजी-एचबीए’ या प्रवेशनियमांच्या फाइलमधली कितवी ओळ लागू झाली तेही देतं. त्या फाइलीत पहिली जुळणारी ओळच चालते. खाली कितीही उदार ओळ लिहिली तरी तिथवर कुणी जात नाही. आपल्या प्रोग्रॅमनेही हाच शिरस्ता पाळावा. पडद्यावर ‘सेवा सध्या उपलब्ध नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ आणि एक तक्रार क्रमांक. लॉगमध्ये त्याच क्रमांकासोबत वेळ, होस्ट, पोर्ट, डेटाबेसचं नाव, युजर, एररचा क्रमांक, अवस्था-कोड, पूर्ण संदेश आणि किती मिलिसेकंद लागले ते. पासवर्ड नाही, पासवर्ड असलेली कनेक्शन यूआरएलही नाही. सायबर सुरक्षेची केंद्रीय संस्था सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आणि सरकारी यंत्रणांना लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्यात पासवर्ड पडला तर तोही १८० दिवस जपला जाणार.

सदरात एक गल्लत झाली आहे, तीही सांगायला हवी. प्रोग्रॅमचं डेटाबेसमध्ये लॉगिन आणि वापरणाऱ्याचं ॲपमध्ये लॉगिन या दोन गोष्टी आहेत. नमुन्यात दोन्हींसाठी एकच ‘लॉगिन फेल्ड’ आहे. डेटाबेस बंद पडला की पतसंस्थेच्या खातेदाराला ‘आपला पासवर्ड चुकीचा आहे’ असं दिसणार. तो बिचारा पासवर्ड बदलायला जाणार, ते पानही चालणार नाही, आणि फोन खणखणायला लागणार. डेटाबेसची चूक असेल तर ५०३ आणि वरचा संदेश. पासवर्ड खरंच चुकला असेल तर ‘युजर किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असं एकत्रच म्हणावं. कोणतं चुकलं ते सांगितलं की कुणाकुणाची खाती आहेत याची यादीच बाहेरच्याला काढता येते. खातेदाराचा पासवर्ड ‘पासवर्ड हॅश’ फंक्शनने साठवावा, ‘पासवर्ड व्हेरिफाय’ने तपासावा. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बीक्रिप्ट पद्धतीचा हॅश, म्हणजे पासवर्डचं उलटं न फिरवता येणारं रूप, ६० अक्षरांचा असतो. तक्त्यात रकाना ५० चा ठेवला आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारा मजकूर नाकारणारं सेटिंग) बंद असला तर शेवटची १० अक्षरं गुपचूप गळतात आणि कुठलाही पासवर्ड कधीच जुळत नाही. रकाना २५५ चा ठेवावा.

पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल वेब फोल्डरच्या बाहेर ठेवावी. तिचं एक्स्टेन्शन ‘आयएनसी’ असेल आणि ती आत असेल, तर ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकणाऱ्याला वेब सर्व्हर ती साधा मजकूर म्हणून सरळ हातात देतो.

शेवटी आपल्या छपाई विभागासाठी. नमुना कोडातली सरळ अवतरणचिन्हं जुळणी करताना वळणदार झाली आहेत, आणि दोन जोडलेल्या उणे चिन्हांची एक लांब रेघ झाली आहे. ई-पेपरवरून कोड उचलणाऱ्याला डेटाबेसपर्यंत पोचण्याआधीच सिंटॅक्स एरर येते. दुरुस्त नमुना छापणार असाल तर त्या चौकटीपुरती जुळणीची आपोआप अवतरणं बंद ठेवावीत, सोबत तोच कोड साध्या मजकुराच्या फाइलीत संकेतस्थळावर द्यावा, आणि युजरच्या जागी ‘रूट’ न ठेवता वेगळा युजर तयार करण्याच्या दोन ओळीही त्यात असाव्यात, ही विनंती.

आपले,
डेटाबेस व्यवस्थापनात काम करणारे काही वाचक, पुणे